जुन्या शोभेच्या मूर्ती आणि फिगरिन जमवताय? आधी मटेरियल, मग काम, शिक्का सगळ्यात शेवटी

जुन्या फिगरिन, म्हणजे शोभेच्या छोट्या मूर्ती, जमवायला लागलेला माणूस वस्तू हातात आली की पहिलं काम करतो ते म्हणजे ती उलटी करून तळाचा शिक्का शोधणं, आणि शिक्का ओळखीचा निघाला की तिथेच खूश होऊन पाकीट काढतो. माझ्या मते हे पूर्ण उलटं आहे. अख्ख्या वस्तूत नक्कल करायला सगळ्यात सोपी गोष्ट कुठली असेल तर तो शिक्काच, माइसेन या नावाजलेल्या जर्मन पोर्सेलिन कारखान्याचा शिक्का म्हणजे दोन निळ्या तलवारी, त्या काढायला कितीसा वेळ लागतो? पण मातीचा पोत, ओतकामाची पद्धत, बोटांची नखं कशी कोरलीत, तळाची झीज कुठे झालीय, हे सगळं खोटं करायला फार कष्ट पडतात आणि नकली बनवणारे तेवढे कष्ट शक्यतो घेत नाहीत. म्हणून मी प्रत्येकाला एकच क्रम सांगतो, आधी वस्तू कशाची बनलीय ते ओळखा, मग कशी बनवलीय ते बघा, आणि मगच शिक्का काय म्हणतोय ते वाचा. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहितोय.

त्याआधी एक छोटी गोष्ट. अँटिक म्हणजे साधारण शंभर वर्षांच्या वरची वस्तू, हे बऱ्याच देशांच्या कस्टम्सच्या नियमातही धरलं जातं. व्हिंटेज या शब्दाला तशी पक्की व्याख्या नाही, विकणारे वीस-तीस वर्षांच्या वस्तूलाही व्हिंटेज म्हणतात, त्यामुळे जाहिरातीत हा शब्द दिसला तर त्यावरून वयाचा काहीच अंदाज बांधू नका, सरळ विचारा की कुठल्या दशकातली आहे आणि तुम्हाला हे कशावरून कळलं.

काय जमवायचं

सगळंच आवडतं हे मला मान्य आहे, पण सगळंच घ्यायला गेलात तर कशातच नजर तयार होत नाही. काही लोक विषय धरतात, म्हणजे फक्त घोडे, फक्त नर्तकी, फक्त कुत्रे. काही लोक एक कारखाना धरतात. माझा सल्ला असा की सुरुवातीला एक मटेरियल धरा, फक्त पोर्सेलिन किंवा फक्त ब्राँझ, कारण एका मटेरियलच्या भरपूर वस्तू हाताळल्या की बोटांनाच कळायला लागतं, आणि ते शिकलेलं पुढे कुठल्याही विषयात कामाला येतं. आणि विकत घेण्याआधी खूप बघा, म्युझियममध्ये काचेतून बघा, पण त्याहून जास्त लिलावाच्या आधी जे प्रदर्शन असतं तिथे जा, कारण तिथे परवानगी घेऊन वस्तू हातात घेता येते आणि वजन, थंडपणा, तळ या गोष्टी फोटोतून कधीच कळत नाहीत.

सोबत एक १० पट मोठं दाखवणारं भिंग, छोटा टॉर्च, मोजपट्टी आणि जमलं तर यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च ठेवा. बास, एवढं पुरतं.

पोर्सेलिन आणि भाजलेली माती

युरोपात खरं कडक पोर्सेलिन पहिल्यांदा बनलं ते जर्मनीतल्या सॅक्सनीत, योहान फ्रीडरिश ब्योटगर या माणसाच्या प्रयोगांतून, आणि १७१० मध्ये तिथला शासक ऑगस्टस द स्ट्राँग याने माइसेनचा कारखाना सुरू केला. १७३१ मध्ये योहान योआखिम केंडलर तिथे आला आणि आपण आज ज्याला पोर्सेलिन फिगरिन म्हणतो तो प्रकार खऱ्या अर्थाने त्याने उभा केला, नाटकातली पात्रं, पक्षी, प्राणी, दरबारी जोडपी. त्यानंतर युरोपातल्या जवळपास प्रत्येक कारखान्याने त्याची नक्कल केली, त्यामुळे केंडलरच्या मॉडेलसारखी दिसणारी वस्तू आणि केंडलरच्या काळातली वस्तू यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

आता मटेरियल ओळखायचं कसं. कडक पोर्सेलिन हाताला थंड लागतं, पातळ भागामागे टॉर्च धरला तर उजेड आरपार झिरपतो, आणि कुठे टवका उडाला असेल तर ती जागा काचेसारखी गुळगुळीत दिसते. साधी भाजलेली माती असेल तर टवक्याची जागा खरबरीत, दाणेदार दिसते, उजेड आरपार जात नाही आणि ओलं बोट लावलं तर पाणी आत शोषलं जातं. तिसरा प्रकार म्हणजे पॅरियन, हे १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये आलं, कोपलंड आणि मिंटन ही यातली मोठी नावं, बिनचकाकीचं पांढरं पोर्सेलिन, लांबून संगमरवरासारखं दिसतं आणि त्यासाठीच बनवलेलं होतं. संगमरवराचा अर्धपुतळा म्हणून पॅरियन विकलेलं दिसतं, पण पॅरियन आतून पोकळ असतं आणि साच्याचा सांधा बारकाईने बघितला तर कुठेतरी सापडतो, संगमरवर कोरलेला असतो त्यामुळे त्यात सांधा असायचं कारणच नाही.

काम कसं बघायचं हे माइसेनवरूनच समजून घ्या. तिथे मूळ मूर्तीचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा वेगळा साचा बनतो, डोकं वेगळं, हात वेगळे, धड वेगळं, मग ओले तुकडे पातळ मातीने जोडतात, आणि फुलं-पाकळ्या हाताने एकेक लावतात. म्हणून चांगल्या फिगरिनमध्ये बोटं सुटी असतात, कपड्याच्या घडीच्या आतही रंग गेलेला असतो, डोळ्यांना पापण्यांची रेघ असते. स्वस्त नकलेत बोटं एकमेकांना चिकटलेली, फुलं शिक्क्यासारखी एकसारखी, आणि मागची बाजू तर जवळजवळ सोडूनच दिलेली. मी तर म्हणतो फिगरिनचा चेहरा बघण्याआधी तिची पाठ बघा. (इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या फ्लॅटबॅक मूर्ती याला अपवाद आहेत, त्या मुद्दाम सपाट पाठीच्या बनवल्या होत्या, भिंतीला टेकून ठेवायला.)

अजून एक गोष्ट जी फार कमी लोक वापरतात ती म्हणजे उंची मोजणं. कडक पोर्सेलिन भट्टीत भाजताना साधारण एक षष्ठांश आकसतं. आता कोणी तयार फिगरिनवरूनच साचा काढला आणि त्यातून नवी बनवली तर ती परत तेवढीच आकसणार, म्हणजे मूळ वस्तूपेक्षा स्पष्ट लहान होणार, आणि बारकावेही बोथट होणार. त्यामुळे कारखान्याच्या यादीत किंवा म्युझियमच्या कॅटलॉगमध्ये त्या मॉडेलची उंची काय दिलीय ते बघायचं आणि मोजपट्टी लावायची. मात्र काही मॉडेल कारखान्याने स्वतःच वेगवेगळ्या साइझमध्ये काढलेली असतात, ते आधी तपासा.

स्टॅफर्डशायरचे कुत्रे घेत असाल तर (जोडीने ठेवायचे ते स्पॅनियल, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या घराघरात होते) तिथे तळाचं भोक बघायचं. जुने कुत्रे साच्यात मातीच्या लाद्या हाताने दाबून केलेले असायचे, त्यांना भट्टीत आतली हवा बाहेर जायला छोटंसं भोक असतं आणि भिंत जाड, आतून ओबडधोबड असते. नव्या नकला पातळ माती साच्यात ओतून बनवतात, उरलेली माती परत ओतून काढावी लागते म्हणून भोक मोठं असतं, वस्तू हलकी लागते. ही खूण या एका प्रकारापुरतीच धरा हं, दुसऱ्या कारखान्यांनी ओतीव पद्धत खूप आधीपासून वापरलीय. त्याच कुत्र्यांच्या साखळीवरचं सोनं बघा, जुनं सोनं मऊसर, मधासारख्या रंगाचं आणि थोडं झिजलेलं असतं, तर आरशासारखं चकचकीत पातळ सोनं तिथे साधारण १८८० च्या सुमारापासून सर्रास यायला लागलं.

ग्लेझवरच्या, म्हणजे वरच्या चकाकीच्या थरावरच्या, बारीक जाळीदार भेगा म्हणजे क्रेझिंग, लोकांना वाटतं हा जुनेपणाचा पुरावा. नाही. नव्या वस्तूवरही ती मुद्दाम आणता येते आणि तपकिरी रंग घासून भरता येतो. खऱ्या जुन्या वस्तूवर जाळी असमान असते, कुठे दाट कुठे अजिबात नाही, आणि मळ जिथे हात लागतो किंवा ओल लागते तिथेच जास्त. सगळीकडे सारखी, सारख्याच रंगाची जाळी दिसली तर मी ती वस्तू खाली ठेवतो. झिजेचंही तसंच, तळाच्या ज्या कडा टेबलाला टेकतात तिथेच ओरखडे हवेत, तळाच्या मध्ये खोलगट भागात ओरखडे असतील तर ते कानशीने किंवा वाळूच्या कागदाने केलेत.

ब्राँझ, आणि ब्राँझसारखं दिसणारं

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून जरा सविस्तर.

ब्राँझ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंत तीन प्रकार सापडतात. एक खरं ब्राँझ, म्हणजे तांबं आणि कथील. दुसरं स्पेल्टर, म्हणजे मुख्यतः जस्त, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्वस्तात शोभेच्या मूर्ती बनवायला हे खूप वापरलं गेलं, घड्याळाच्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या जोड्या, दिव्याच्या बायका वगैरे. तिसरं कोल्ड कास्ट, म्हणजे रेझिनमध्ये (प्लास्टिकसारखा घट्ट होणारा पदार्थ) ब्राँझची पूड मिसळून साच्यात ओतलेलं, हे आधुनिक आहे. लोहचुंबक इथे फारसा कामाचा नाही कारण ब्राँझलाही चिकटत नाही आणि जस्तालाही नाही, चिकटला तर आत लोखंड आहे एवढंच कळतं. खरी कसोटी म्हणजे तळाच्या आतली, दिसणार नाही अशी जागा, जिथे आधीच कुठे ओरखडा गेलाय तिथे भिंगातून बघा, ब्राँझ सोनेरी-लालसर दिसतं, स्पेल्टर राखाडी-चंदेरी. नवा ओरखडा मात्र दुसऱ्याच्या वस्तूवर काढू नका, विकणाऱ्याला विचारून त्यालाच दाखवायला सांगा. टिचकी मारली तर ब्राँझ घुमतं, स्पेल्टरचा आवाज बसका येतो, आणि रेझिन तर प्लास्टिकसारखंच वाजतं आणि हाताला थंडही लागत नाही. स्पेल्टर ठिसूळ असल्यामुळे मनगट, घोटे, तलवारीची मूठ अशा बारीक जागी तुटतं आणि तिथली दुरुस्ती सहसा वाईट असते, तिथे आधी बघा. स्पेल्टर घेऊच नये असं मी म्हणत नाही, आर्ट डेको काळातल्या (साधारण १९२० आणि १९३० च्या दशकातल्या) काही स्पेल्टर मूर्ती खरंच देखण्या आहेत, फक्त ब्राँझचे पैसे देऊन घेऊ नका.

आता ब्राँझ खरं निघालं तरी प्रश्न संपत नाही, कारण ते कोणी आणि कधी ओतलं हा खरा मुद्दा. फ्रान्समध्ये १८३० च्या दशकात आशिल कोलास याने मोठ्या शिल्पाची अचूक लहान प्रत काढणारं यंत्र तयार केलं, आणि फर्दिनां बार्बेदिएन याच्या सोबतीने त्यातून घरात ठेवायच्या ब्राँझचा मोठा धंदा उभा राहिला. प्राण्यांची शिल्पं करणारा आंत्वान-लुई बारी (१७९५ ते १८७५) याचं उदाहरण घ्या, तो १८४८ मध्ये दिवाळखोर झाला, त्याची मॉडेलं दुसऱ्यांच्या हातात गेली, आणि तो गेल्यावर बार्बेदिएनने त्याची बरीच मॉडेलं विकत घेऊन पुढे कित्येक वर्षं ओतली. या सगळ्यांवर बारीची सही आहे! सही खोटी नाही, कारण ती मॉडेलमध्येच होती, पण वस्तू त्याच्या हयातीतली आहे की मरणानंतरची, त्याच्या देखरेखीखाली झालेली आहे की नाही, हे सही सांगत नाही. ते सांगतं ओतकामाची सफाई, ओतल्यावर छिन्नीने केलेलं बारीक काम, फाउंड्रीचा (ओतशाळेचा) शिक्का आणि पॅटिना, म्हणजे ब्राँझवरचा रंगाचा थर.

इथेही मोजपट्टी कामाला येते. तयार ब्राँझवरून साचा काढून परत ओतलेली प्रत, हिला सुरमुलाज म्हणतात, थंड होताना धातू आकसल्यामुळे मूळपेक्षा एक ते दोन टक्के लहान होते. ऐकायला कमी वाटतं पण ३० सेंटिमीटरच्या घोड्यात तीन ते सहा मिलिमीटरचा फरक पडतो आणि तो मोजता येतो. शिवाय सहीची अक्षरं साबणासारखी बोथट होतात, आयाळीच्या रेषा भरून जातात. एखाद्या शिल्पकाराच्या कामाची चांगली छापील सूची मिळत असेल तर तिच्यात मापं दिलेली असतात, ती घ्या, ब्राँझ गोळा करणाऱ्यासाठी एका बऱ्या मूर्तीपेक्षा अशी सूची जास्त उपयोगाची.

फ्रान्समधल्या आताच्या नियमाप्रमाणे मूळ ब्राँझ म्हणजे जास्तीत जास्त १२ प्रती, ८ नंबर घातलेल्या आणि ४ कलाकाराच्या. पण एकोणिसाव्या शतकातल्या शोभेच्या ब्राँझना अशी मर्यादा नव्हती, त्यामुळे त्या काळच्या वस्तूवर नंबर नाही म्हणून ती नकली असं होत नाही.

व्हिएन्नाच्या रंगीत ब्राँझचा वेगळा उल्लेख करतो कारण माझ्या आवडीचा प्रकार आहे. छोटे प्राणी, पक्षी, गालिचेवाले, सगळे ब्राँझमध्ये ओतून वर न भाजता रंगवलेले. फ्रान्झ बर्गमान याचा शिक्का म्हणजे घड्याच्या आकारात बी हे अक्षर, काही वस्तूंवर त्याने नाव उलटं करून नाम ग्रेब असं टाकलंय. यात रंगच वस्तूची किंमत ठरवतो, उंचवट्यांवर रंग थोडा उडालेला असणं स्वाभाविक, आणि परत रंगवलेली वस्तू भिंगाखाली लगेच कळते कारण नवा रंग खरचटलेल्या जागेवरूनही गेलेला असतो.

पॅटिनाबद्दल एकच सांगतो, ब्रासो किंवा तसलं पॉलिश कधीही, कधीही लावू नका. तो तपकिरी-हिरवा थर हा मळ नाही, फाउंड्रीने रसायनं आणि उष्णता वापरून मुद्दाम दिलेला रंग आहे, त्यावर वर्षांची चमक चढलेली असते, आणि तो एकदा घासला की परत येत नाही.

दगड आणि हस्तिदंत

संगमरवर आणि अलाबास्टर यात गल्लत होते. अलाबास्टर इतकं मऊ की नखानेही ओरखडा पडू शकतो, उजेड त्यातून छान झिरपतो, आणि ते पाण्यात थोडं विरघळतं म्हणून ओल्या कपड्यानेसुद्धा पुसायचं नाही. संगमरवराला लिंबू, व्हिनेगर, कुठलंही आम्ल चालत नाही. आणि संगमरवराची पूड रेझिनमध्ये मिसळून साच्यात ओतलेल्या मूर्ती बाजारात भरपूर आहेत, त्यात तळाला हवेचे बुडबुडे दिसतात आणि बाजूने सांध्याची रेघ घासून काढल्याच्या खुणा.

हस्तिदंताबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नव्याने सुरू करणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. १९७५ पासून अमलात असलेल्या साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे आशियाई हत्तीच्या दाताच्या व्यापारावर निर्बंध आले, १९९० पासून आफ्रिकन हत्तीच्याही, आणि ब्रिटनसारख्या देशांनी त्याहून कडक कायदे केलेत, तिथला २०१८ चा कायदा २०२२ पासून लागू आहे. आर्ट डेको काळातल्या देमेत्र किपारुस, फर्डिनांड प्राइस यांच्या ब्राँझ-हस्तिदंताच्या नर्तकी फार सुंदर आहेत हे खरं, पण वस्तू जुनी आहे म्हणून ती विकता किंवा सीमेपार नेता येईल असं मुळीच नाही. आणि या दोघांच्या नावाने ओतलेल्या आधुनिक नकला इतक्या आहेत की खरी वस्तू समोर येण्याची शक्यताच कमी.

प्राचीन मातीच्या मूर्तींचंही असंच. ग्रीसमधल्या तानाग्राला १८७० च्या दशकात सापडलेल्या मूर्तींनी युरोपला वेड लावलं आणि लगेचच नकली बनवणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. जमिनीतून निघालेल्या कुठल्याही वस्तूला कागद लागतात, कुठून निघाली, कोणाकडे होती, कधी देशाबाहेर आली. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा १९७० चा युनेस्कोचा करार हा चांगले म्युझियम आणि लिलावघरं सीमारेषा म्हणून धरतात, त्याआधीपासूनचा मालकीचा माग नसेल तर वस्तू हातातही घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त असो. चोरीचा माल तपासायला इंटरपोलचं आयडी-आर्ट नावाचं मोफत ॲप आहे.

आता शिक्का

माइसेनच्या निळ्या तलवारी १७२० च्या दशकापासून आहेत आणि दुसऱ्या अनेकांनी त्या जशाच्या तशा किंवा थोड्या बदलून मारल्या. फिगरिनवर हा मार्क बऱ्याचदा तळाच्या मागच्या कडेला, छोटासा असतो. तलवारींवरून आडवी खरवडलेली रेघ दिसली तर ती वस्तू कारखान्याने दुय्यम दर्जाची ठरवलेली किंवा बिनरंगाची बाहेर विकलेली, म्हणजे त्यावरचा रंग दुसऱ्याने केलेला असू शकतो. मुकुटाखाली एन हा नेपल्सचा मार्क आणि त्यासोबत येणारं कापोदिमोंते हे नाव तर शेकडो कारखान्यांनी वापरलंय, मूळ कापोदिमोंते १७४३ ते १७५९ एवढंच चाललं. पॅरिसच्या सॅमसन कंपनीने एकोणिसाव्या शतकात माइसेनपासून चिनीपर्यंत सगळ्याच्या नकला केल्या, आणि आता त्या नकलाच लोक जमवतात, तर त्या सॅमसन म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही.

शिक्क्यातला सगळ्यात भरवशाचा भाग मला विचाराल तर देशाचं नाव. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्यामुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लिहावं लागलं, त्यामुळे इंग्लंड असं लिहिलेली वस्तू शक्यतो त्यानंतरची, आणि मेड इन इंग्लंड असेल तर बहुतेक विसाव्या शतकातली. निप्पॉन १९२१ पर्यंत, पुढे जपान. ऑक्युपाइड जपान म्हणजे महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची. वेस्ट जर्मनी म्हणजे १९४९ ते १९९०. अठराव्या शतकातली म्हणून कोणी फिगरिन दाखवतोय आणि खाली देशाचं नाव छापलंय, तर तिथेच विषय संपला. उलट बाजूने मात्र हा नियम लावू नका, देशाचं नाव नाही म्हणजे १८९१ च्या आधीची असं होत नाही, अमेरिकेत न जाणाऱ्या मालावर ते नसायचं, आणि कागदी लेबल तर निघूनही जातं. इंग्लिश मालावर चौकोनी हिऱ्यासारखा रजिस्ट्रेशन मार्क असेल तर १८४२ ते १८८३ या काळात त्या डिझाइनची नोंद झाली, पुढे १८८४ पासून नुसते नंबर. ही नोंद डिझाइनची, वस्तू त्यानंतर कधीही बनलेली असू शकते.

विसाव्या शतकातल्या फिगरिनमध्ये शिक्के अभ्यासायला मजा येते कारण तिथे याद्या नीट आहेत. रॉयल डॉल्टनने १९१३ मध्ये एचएन नंबर सुरू केले, ते तिथला रंगकामाचा प्रमुख हॅरी निक्सन याच्या नावावरून, आणि प्रत्येक मॉडेलला नंबर असल्यामुळे तुमच्या हातातली आवृत्ती कुठल्या वर्षांत निघाली ते शोधता येतं. हुमेल म्हणजे जोगीण मारिया इनोसेन्तिया हुमेल हिच्या चित्रांवरून गोबेल कंपनीने १९३५ पासून काढलेली मुलं, त्यांचे मार्क काळानुसार बदललेत, आधी मुकुट, मग मधमाशी, मग ती मधमाशी हळूहळू लहान आणि साधी होत गेली. स्पेनचं लिआद्रो १९५३ मध्ये तीन भावांनी सुरू केलं. या तिन्हीत भाव मात्र बरेच खाली आलेत, कारण एका पिढीने प्रचंड जमवलं आणि ते सगळं आता एकदमच बाजारात येतंय. गुंतवणूक म्हणून घेऊ नका, पण आवडत असेल तर घ्यायला इतका चांगला काळ नव्हता.

दुरुस्ती ओळखणं आणि विकत घेणं

फिगरिनची बोटं, नाक, टोपीची कड, फुलांच्या पाकळ्या, मान, एवढ्या जागा भिंगातून बघायच्याच. दुरुस्त केलेल्या जागी चकाकी थोडी मंद किंवा जास्तच गुळगुळीत असते, हाताला कोमट लागते, यूव्ही टॉर्चखाली बऱ्याचदा वेगळीच चमकते (हल्ली काही दुरुस्तीवाले न चमकणारं मटेरियल वापरतात, तेव्हा यूव्हीत काही दिसलं नाही म्हणजे निर्धास्त असं नाही). जुनी, दुर्मिळ वस्तू असेल तर थोडी दुरुस्ती चालते, अठराव्या शतकातल्या फिगरिनची सगळी बोटं शाबूत असतील तर मला उलट शंका येते. पण १९६० मधली, हजारोंनी निघालेली फिगरिन टवक्यासकट कशाला घ्यायची, थांबा, दुसरी अख्खी मिळेल.

लिलावाच्या कॅटलॉगची भाषा शिकून घ्या, त्यात सगळं असतं. शिल्पकाराचं नाव नुसतं दिलंय म्हणजे लिलावघर म्हणतंय ही त्याचीच. 'अॅट्रिब्यूटेड टू' म्हणजे बहुधा त्याची. 'आफ्टर' म्हणजे त्याच्या मॉडेलवरून दुसऱ्या कोणीतरी, कधीतरी. 'मॅनर ऑफ' म्हणजे फक्त तशी दिसते. 'ए एफ' लिहिलं असेल तर वस्तू आहे तशी, म्हणजे मोडतोड आहे. बोली लावताना लक्षात ठेवा की हातोडा पडलेल्या रकमेवर लिलावघराचं कमिशन आणि कर वेगळा लागतो, ते आधी वाचा आणि स्वतःची मर्यादा त्या सगळ्यासकट ठरवा. भाव बघताना विकल्या गेलेल्या वस्तूंचे बघा, मागितलेले नाही, कोणी काहीही मागू शकतो.

ऑनलाइन घेताना फोटो मागा, तळाचा, पाठीचा, शिक्क्याचा जवळून, हातांचा जवळून, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून एक. टवका, तडा, दुरुस्ती, परत रंगकाम आहे का असा थेट प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. जो विकणारा तळाचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

ठेवायचं कसं

हात, डोकं, छत्री धरून फिगरिन उचलायची नाही, एक हात तळाखाली, एक पाठीला. धूळ मऊ ब्रशने. चकाकीचं, न दुरुस्त केलेलं पोर्सेलिन कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुता येतं, पण प्लास्टिकच्या टबात खाली टॉवेल अंथरून, एका वेळी एकच. दुरुस्त केलेलं, बिनचकाकीचं, सोनं सुटत आलेलं किंवा जाळीदार भेगांचं पाण्यात घालू नका. ब्लीच कशालाच नाही. ब्राँझवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात पुरतो, रेनेसाँ वॅक्स हे यातलं प्रसिद्ध नाव, ते ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं. ब्राँझवर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसायला लागली तर तो ब्राँझ डिसीज असू शकतो, क्लोराइडमुळे होतो आणि ओलाव्यात वाढत जातो, ती वस्तू लगेच कोरड्या जागी बाजूला ठेवा आणि जाणकार दुरुस्तीवाल्याला दाखवा. शिशाच्या जुन्या मूर्ती ओकच्या किंवा नव्या प्लायवूडच्या बंद कपाटात ठेवू नका, लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी पूड येते आणि वस्तू अक्षरशः खाऊन टाकते. शेल्फवर वस्तू हलू नये म्हणून म्युझियम वॅक्सचे छोटे गोळे तळाला लावा, काचेच्या कपाटात गरम होणारे दिवे लावू नका.

आणि नोंद ठेवा, पहिल्या वस्तूपासून, कारण नंतर एकदम करायला कोणी बसत नाही. प्रत्येक वस्तूचे चारही बाजूंनी आणि तळाचे फोटो, उंची-रुंदी, मटेरियल, शिक्का, ओळखू येईल अशी एखादी खोड (डाव्या करंगळीचं टोक नाही, मागे भट्टीतला काळा ठिपका वगैरे), कुठून कधी कितीला घेतली, पावती. ऑब्जेक्ट आयडी नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना याच्यासाठीच आहे, म्युझियम आणि पोलीस दोघांनाही कळतो, तोच वापरा. या यादीची एक प्रत घराबाहेर कुठेतरी असू द्या, आणि वस्तू स्वतः नंबर टाकून ओळखायच्या असतील तर स्टिकर चिकटवू नका, त्याचा गोंद जुना रंग आणि सोनं घेऊन निघतो, नंबर सुती दोऱ्याच्या टॅगवर लिहून सैल अडकवा.